हेमा, डिस्क दिसली

हेमा,

परवा तुझ्या दहाव्याला कोणीतरी म्हणालं, "हेमाताई फार शांत स्वभावाच्या होत्या," आणि मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर आले. तू आणि शांत? तीस-बत्तीस वर्षं आपण एका शाळेत काढली. त्या काळात तू मुख्याध्यापकांशी भांडलीस, टँकरवाल्याशी भांडलीस, गॅसचं सिलिंडर उशिरा आणणाऱ्याशी भांडलीस, आणि माझ्याशी तर दिवसाआड. ज्या दिवशी भांडली नाहीस त्या दिवशी मीच विचारायचे, बरं नाही का म्हणून.

मला चार शब्द बोला म्हणाले. मी बोलले नाही. चार शब्दांत तू कधी कोणाला सोडलं नाहीस, मग मी तुला कशी सोडू? तू कुठे जन्मलीस, तुझ्यामागे कोण कोण आहे, हे सगळं इतरांनी सांगितलं. मला त्या पाच संगणकांचं सांगायचं आहे. ती गोष्ट नीट ठाऊक असलेल्या आपण दोघीच होतो, आणि आता मी एकटी उरले. तेव्हा ऐक. मध्ये बोलायचं नाही. हे म्हणायची संधी मला पहिल्यांदाच मिळते आहे.

आपली शाळा डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला. मी विज्ञान शिकवायचे, तू प्रयोगशाळेत परिचर. तू कोलशेतच्या कोळीवाड्यातली, आई खाडीची मासळी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची. मी डोंबिवलीतल्याच चाळीत वाढलेली, बौद्ध घरातली. आमच्याकडे देव्हारा नव्हता, बुद्धाची तसबीर होती. पहिल्या दिवशी तू मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलंस, "बाई, तुम्ही मासे खाता ना?" मी हो म्हटलं. "मग जमेल," म्हणालीस आणि परीक्षानळ्या धुवायला गेलीस.

त्या परीक्षानळ्या तर मी कधी विसरणार नाही. नव्या खोक्यातली नळी असली तरी ती उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून आत बघितल्याशिवाय तू कोणाच्या हातात द्यायची नाहीस. "रिकामी दिसते, पण बगल्याशिवाय कसं कळणार?" मुली हसायच्या. खरं सांगायचं तर मीही हसायचे.

आणि शेवटपर्यंत तू मला 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणत राहिलीस. किती वेळा सांगितलं, नावाने हाक मार, आपण एका वयाच्या. "जीभ वळत नाय," म्हणायचीस. भांडताना मात्र तीच जीभ बरोबर वळायची आणि "ए बाई, ऐक माझं" असं सुरू व्हायचं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. तुझा भाऊ मोरेश्वर कोलशेतच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात मदतनीस होता. तो कारखाना बंद पडला. नकाशे काढायचे पाच संगणक वर्षभर गोदामात धूळ खात पडले होते आणि मालक ते एखाद्या शाळेला देऊन टाकणार, अशी बातमी मोरेश्वरने तुला दिली. तू माझ्याकडे आलीस. "बाई, अर्ज लिहा." मी म्हटलं, बघू. "बघू नाय. मी डबा खाईपर्यंत लिहून पाहिजे." तुझा डबा खाऊन व्हायला किती वेळ लागायचा ते शाळेत सगळ्यांना माहीत होतं. मी धावतपळत अर्ज लिहिला. गणपती उठले आणि पुढच्याच आठवड्यात पाच संगणक टेम्पोतून आले. टेम्पोत पुढे तू बसली होतीस, ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगत.

संस्थेचे चिटणीस आले, त्यांनी डब्यांवरून बोट फिरवलं, बोटावरची धूळ बघितली आणि अट घातली. तळमजल्यावरची शेवटची खोली तुम्हाला देतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी पाचही संगणक चालू दिसले तर खोली कायमची तुमची. नाही दिसले तर एक खासगी कॉम्प्युटर क्लासवाला ती भाड्याने मागतो आहे, त्याला देऊन टाकू. त्या क्लासची फी आपल्या मुलींना झेपणारी नव्हती. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्यांच्या मुली त्या. काही दिवा गावाहून यायच्या, सकाळी पाण्याच्या रांगेत हंडे लावून मग दप्तर उचलायच्या. त्यांना शाळा सुटल्यावर इथेच फुकट शिकता यावं, एवढंच आपल्याला हवं होतं. तुला स्वतःलाही शिकायचं होतं. ते तू बोलली नाहीस, पण खोली झाडताना तू प्रत्येक कळफलकावरून हात फिरवून बघत होतीस, ते मी पाहिलं होतं.

डिस्क कोऱ्या होत्या. कारखान्याने आतलं सगळं पुसून दिलं होतं. आता त्यांवर काहीतरी बसवल्याशिवाय संगणक म्हणजे नुसते डबे. विकतची सिस्टीम पाच संगणकांसाठी घेणं आपल्या आवाक्याबाहेरचं. चोरून उतरवलेल्या सीड्या तेव्हा कुठेही मिळायच्या, त्या क्लासवाल्याकडेही त्याच होत्या. पण मुलींना पहिल्याच दिवशी चोरीच्या मालावर बसवायचं माझ्या जिवावर आलं. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती. मी तुला सांगितलं, ही सिस्टीम जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आहे आणि फुकट देऊन टाकली आहे. तुला ते संशयास्पद वाटलं.

"फुकट कशाला देतील?"

"आत काय लिहिलंय तेही कोणालाही उघडून बघता येतं. हवं तर बदलता येतं."

यावर तू सीडी उलटीसुलटी करून पाहिलीस. "उघडून बगता येतं? मग घ्या. झाकलेल्या टोपलीतली मासळी आपण घेत नाय."

अशी आपली निवड झाली. पुढे मोठमोठ्या लोकांची या विषयावरची भाषणं ऐकली, पण तुझ्याइतकं थोडक्यात कोणी सांगितलं नाही.

पहिल्या संगणकात सीडी घातली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावल्या. तू पदर खोचून माझ्या खांद्यामागे उभी. मग ओळी थांबल्या, एक चौकट आली आणि तिच्यात इंग्रजीत लिहून आलं की हार्ड डिस्क सापडत नाही.

"काय म्हणतंय?"

"डिस्क दिसत नाही म्हणतंय."

तू वाकलीस, उघड्या डब्यात बोट घालून डिस्कवर टकटक केलंस. "ही काय. समोर तर हाय."

पाचही संगणकांनी तेच उत्तर दिलं.

संगणकाचं शिक्षण म्हणशील तर मी उन्हाळ्यात तीन आठवड्यांचा एक वर्ग केला होता, त्यात झाकण उघडायला बंदी होती. त्यामुळे पुढचं सगळं अंदाजपंचे. संगणक चालू होता होता एक कळ दाबली की एक पडदा उघडतो, त्यात यंत्राला काय काय जोडलंय त्याची यादी असते. आपल्या यादीत डिस्कच्या जागी 'काही नाही'. मी सगळं हाताने भरलं. बंद करून पुन्हा चालू केलं तर परत 'काही नाही', आणि तारीख कुठल्या कुठे मागे गेलेली. वर्षभर गोदामात राहून आतला बटणाएवढा सेल मेला होता. तू फडके रोडच्या घड्याळवाल्याकडून तसले पाच सेल आणलेस. तारीख टिकायला लागली. आपण खूश झालो. डिस्क मात्र दिसेना.

मग डिस्कच्या पाठीमागची चिमुकली टोपी. ती कुठल्या दोन काड्यांवर, म्हणजे पिनांवर, बसवली आहे त्यावर डिस्क मुख्य की दुय्यम ते ठरतं. पाचही टोप्या बरोबर होत्या. मग डिस्कपासून मुख्य पाटीपर्यंत, म्हणजे मदरबोर्डपर्यंत, जाणारी चपटी, रुंद वायर. तिची लाल कड उलट्या बाजूला लागली नाही ना, ते पाहिलं. या संगणकाची वायर त्याला, त्याची याला, असं सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी कुठली वायर कुठली तेच मला कळेना. तू घरून लोकर घेऊन आलीस आणि प्रत्येक वायरीला वेगळा रंग बांधलास. "जाळ्याला निशाणी नाय बांधली तर आमच्याकडे भांडण कोणाशी करायचं ते पण कळत नाय," म्हणालीस. त्या लोकरीमुळे निदान एक गोष्ट सिद्ध झाली. पाचही वायरी सगळीकडे लावून झाल्या होत्या आणि दोष त्यांचा नव्हता.

याच्या मध्येच खंडेनवमी आली.

तू सकाळी झेंडूची फुलं, हळद-कुंकू, अक्षता आणि नारळ घेऊन खोलीत हजर. पाच डब्यांची झाकणं काढायला लागलीस. मोरेश्वरने सांगितलं होतं म्हणे, यंत्राची पूजा झाकण काढून आतून करायची, कारखान्यात गेल्या वर्षी त्यांनी तशीच केली होती. मी आडवी आले.

"आत पाण्याचा एक थेंब जाऊ देणार नाही मी."

"तुमचा विश्वास नाय म्हणून आमचा पण नको?"

"विश्वासाचं नाही, हेमा. नारळाच्या पाण्याचं आहे."

तिथे थांबायला हवं होतं. पण माझाही तोल गेलेला, रोज तीच चौकट बघून. मी म्हणाले, पूजेने यंत्रं चालली असती तर तुझ्या भावाचा कारखाना बंद पडला नसता.

तू ताट उचललंस आणि निघून गेलीस. मोरेश्वर तेव्हा वर्षभर घरी बसून होता, दोन मुलं शिकत होती, आणि हे मला माहीत होतं. त्या एका वाक्याची मी तुझ्याकडे कधीच माफी मागितली नाही. आता मागते. उशीर झालाय, पण मागते.

दसऱ्याला मी पांढरी साडी नेसून विहारात गेले, तू तुझ्या घरी. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा मी विहारातली खीर डब्यात घालून आणली होती आणि कशी द्यावी याचा विचार करत खोलीत शिरले, तर पाचही डब्यांवर, बंद झाकणांच्या वर, आपट्याचं एकेक पान. सहावं माझ्या खुर्चीवर. तू दारातून म्हणालीस, "बाहेरून तरी चालेल ना?" मी डबा पुढे केला. खीर खाताना आपण डिस्कबद्दल बोललो आणि बाकीचं तसंच राहिलं.

दिवाळीची सुट्टी लागली तरी आपण रोज जात होतो. मी एक डिस्क पिशवीत घालून कल्याणला मावसभावाच्या दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्याच्या संगणकाला लावली आणि ती झटकन दिसली. म्हणजे डिस्क धडधाकट. यावर खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण मी खचले. डिस्क चांगली, वायर चांगली, सेल नवा. मग उरली मुख्य पाटी, आणि ती बदलायची म्हणजे नवा संगणकच घेणं आलं. मावसभावही तेच म्हणाला. "अगं ताई, भंगार आहे ते. तुम्हाला शाळा म्हणून खपवलंय."

तुला येऊन सांगितलं तर तू विचारलंस, "पाचही?"

"पाचही."

"पाच होड्या एकाच दिवशी, एकाच जागी फुटत नाय बाई. कोणीतरी कायतरी केलेलं असतंय."

सुट्टी संपत आली. सोमवारी शाळा उघडणार होती. शनिवारी सकाळी मी वायरी गुंडाळून ठेवायला घेतल्या. तू बाहेरचं एक काम उरकून आलीस, पदराने घाम पुसलास आणि काहीच झालं नाही अशा आवाजात विचारलंस, "बाई, सीडी दिसते ना संगणकाला?"

"दिसते."

"तिला पण अशीच वायर. दोघींच्या जागा पाटीवर शेजारीशेजारी. एकीचं दिसतं, दुसरीचं नाय. जागा बगितली का?"

"जागेत काय बघायचं? वायर बसते तिथे."

"रिकामी दिसते," एवढंच म्हणून तू प्रयोगशाळेतला टॉर्च आणायला गेलीस. मला पुढचं वाक्य पाठ होतं.

मेन स्विच बंद केला. पहिल्या संगणकाच्या दोन्ही वायरी पाटीवरून उपसल्या. सीडीची जागा आधी पाहिली. काड्यांच्या दोन सरळ रांगा, सोन्यासारख्या लखलखीत. मग डिस्कची जागा. तू एक डोळा मिटलास, टॉर्च तिरका धरलास आणि बराच वेळ तशीच राहिलीस.

"कुंकू," म्हणालीस.

मी वाकले. काड्यांच्या बुडाशी लाल थर होता, आणि दोन रांगांच्या मधोमध तांदळाचा एक दाणा. अक्षतेतला, अजून पिवळसर, नारळाच्या पाण्याने चिकटून दगडासारखा वाळलेला. त्याच्यामुळे वायर वरून बसल्यासारखी दिसायची, पण तळापर्यंत जातच नव्हती.

तू तिथेच जमिनीवर बसलीस आणि एकेक जोडत गेलीस. गेल्या वर्षीचा दसरा म्हणजे कारखान्याचा शेवटचा दसरा. डिस्क पुसायला दुसऱ्या ऑफिसात पाठवलेल्या, म्हणून त्यांच्या वायरी काढून ठेवलेल्या, जागा उघड्या. सीडीच्या वायरींना कोणी हात लावला नव्हता. कामगारांनी झाकणं काढली, हात सैल सोडून अक्षता टाकल्या, नारळाचं पाणी शिंपडलं. नंतर डिस्क परत आल्या आणि कोणीतरी वायरी तशाच वरून दाबून बसवल्या.

"मोरू रडलेला त्या दिवशी," तू म्हणालीस. "बोलला, मशीनला नीट निरोप दिला आम्ही."

मग तू उठलीस, कोपऱ्यातल्या खराट्याची एक हीर मोडून तिला टोक काढलंस. धातूचं काही नको, काडी वाकेल, हे तुला कोणी सांगावं लागलं नाही. दाणा एका बाजूने हलकेच उचकटलास. तो टुणकन उडाला आणि माझ्या मांडीवर पडला. प्रयोगशाळेतलं स्पिरिट कापसाला लावून मी कुंकू पुसलं, तू मागून टॉर्च धरलास आणि सूचना दिल्यास. वायर बसवली. या वेळी ती आणखी खाली गेली आणि टक् असा आवाज आला. दीड महिना वायरी बसवत होतो, तो आवाज एकदाही आला नव्हता.

संगणक चालू केला. यादीच्या पडद्यावर 'काही नाही' होतं तिथे डिस्कचं नाव आणि आकडे उमटले. सीडी फिरली, पांढऱ्या ओळी धावल्या, आणि त्यांच्यात ती तीन अक्षरं आली, एच डी ए, लिनक्सने आपल्या डिस्कला दिलेलं नाव. मी म्हटलं, "हेमा, डिस्क दिसली." तू पडद्याकडे बघून मान हलवलीस. "आता कशी," म्हणालीस, उशिरा आलेल्या पोरीला म्हणावं तसं.

दुसऱ्यात दोन दाणे निघाले. तिसऱ्यात झेंडूची वाळलेली पाकळी. चौथ्यात दाणाच, पण मोडलेला, अर्धा अर्धा करून काढावा लागला. पाचव्यात नुसतं कुंकू होतं आणि ते तीनदा पुसावं लागलं. रविवारी दुपारी पाचवा संगणक चालू झाला. तू पाचही पडद्यांसमोरून एक फेरी मारलीस, कमरेवर हात ठेवून, जत्रेत पहिलं बक्षीस मिळालेल्या माणसासारखी.

आणि अर्थात त्याच फेरीत आपलं भांडण सुरू झालं.

"बघ," मी म्हटलं, "मी पाणी नको म्हणत होते ते यासाठी."

"पूजेने नाय अडलं. झाकण उघडं टाकून वायर न बगता दाबली त्याच्यामुळे अडलं."

"दाणा कोणी टाकला?"

"दाणा होता म्हणून सापडला. दुसरं कायतरी असतं तर तुम्ही शोधत बसल्या असत्या अजून."

हा वाद पुढे पंचवीस वर्षं चालला. दर खंडेनवमीला नव्याने. कधी मी जिंकायचे, कधी तू, आणि दर वर्षी पूजा डब्याच्या बाहेरूनच व्हायची. आता यंदा मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलू का?

सोमवारी चिटणीस आले. पाचही पडदे उजळलेले पाहून म्हणाले, "जाधव बाई, शाब्बास." मी म्हटलं, "मी नाही, हेमाने केलं." त्यांना तो माझा विनय वाटला. ते हसले. ते हसणं तुला खपलं नाही. तू पुढे झालीस, पहिला संगणक बंद केलास, त्याची वायर उपसलीस आणि म्हणालीस, "साहेब, बसा." त्यांना बसवून दाखवलंस, आता डिस्क दिसत नाही. परत वायर लावलीस, टक् आवाज ऐकवलास, आता दिसते. मग टॉर्च त्यांच्या हातात देऊन जागा बघायला लावलीस. ते वाकून बघत होते, आणि दारात जमलेल्या मुली तुझ्याकडे बघत होत्या.

"हे कुठे शिकलात तुम्ही?"

"इथंच. परवा."

खोली आपली झाली. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर पहिल्या अकरा मुली येऊन बसल्या, एकेका संगणकापुढे दोघी, आणि एकीला जागा नव्हती म्हणून ती तुझ्या स्टुलावर. पहिला धडा तू घेतलास. तू घ्यायचा असं काही ठरलं नव्हतं, तू सुरूच केलास. वायर काढून ठेवायची आणि मुलींना म्हणायचं, शोधा काय झालं. 'बाई, बिघडला' असं जी म्हणेल तिला खाली बसवायचीस. "बिघडला नाय म्हणायचं. काय दिसतं आणि काय दिसत नाय, ते सांग आधी." पुढे त्या खोलीतून निघालेल्या कितीतरी मुली आज हेच काम करून घर चालवतात. परवा दहाव्याला आल्या होत्या. खाडीच्या काठावर त्यांची रांग इतकी लांब होती की मोरेश्वर मला विचारत होता, या सगळ्या कोण.

कागदावर तू निवृत्त होईपर्यंत परिचरच राहिलीस. मी तुझ्या बढतीसाठी दोनदा अर्ज केले, दोन्ही परत आले. याचा मला अजून राग येतो. तू मात्र म्हणायचीस, "चावी माझ्याकडे हाय ना? मग झालं."

आता जे मी कोणालाच सांगितलं नाही ते.

त्या शनिवारी सकाळी, तू खोलीत यायच्या आधी, मी चिटणीसांना पत्र लिहिलं होतं. पाचही संगणक निकामी आहेत, दुरुस्त होण्यासारखे नाहीत, खोली आपण खुशाल क्लासला द्यावी. खाली सही केली. शाळेचं टपाल संस्थेच्या ऑफिसात तूच न्यायचीस, म्हणून पाकीट तुझ्याच हातात दिलं. आत काय आहे ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. परीक्षेचे कागद आहेत म्हटलं. तू गेलीस आणि पंधरा मिनिटांत परत आलीस. मी विचारलं, इतक्यात? "रिक्षा मिळाली," म्हणालीस, घाम पुसलास आणि सीडीचं विचारलंस.

सोमवारी सगळ्यांच्या आधी मी ते पत्र परत घ्यायला ऑफिसात धावले. कारकून म्हणाला, शाळेकडून काहीच आलेलं नाही. वाटेत कुठे गहाळ झालं असेल म्हणून मी सुटले एकदाची. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, की तू मुलींसाठी दीड महिना जमिनीवर बसलीस ती खोली मी एका कागदावर देऊन टाकली होती.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसले होते. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. म्हटलं, "हेमा, एक सांगायचं राहिलंय."

तू डोळे न उघडताच म्हणालीस, "पाकिटाचं ना."

"तुला ठाऊक होतं?"

"परीक्षेचे कागद एवढे पातळ असतात होय? फाटकापाशी उघडलं. वाचलं. फाडलं."

"पण हेमा, तेव्हा काहीच सापडलं नव्हतं. काही सापडलंच नसतं तर?"

आता तू डोळे उघडलेस. माझ्या ओळखीची, भांडायच्या आधीची नजर होती त्यांत.

"तर सोमवारी तुम्ही दुसरं लिहिलं असतं. शनिवार-रविवार होते ना हातात. ते कशाला द्यायचे?"

तेवढ्यात नर्स आली आणि मला बाहेर काढलं. उत्तर द्यायचं राहून गेलं. त्या दोन दिवसांवर एक खोली उभी राहिली, हेमा, ती आजही भरलेली असते, आणि ते दोन दिवस तू माझ्या हातून हिसकावून घेतलेस. मग आत येऊन एक शब्द बोलली नाहीस. मुलींसमोर, चिटणीसांसमोर, पंचवीस वर्षांच्या कुठल्याही भांडणात, मी अगदी डोक्यावर बसले असतानाही ते माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. मला खाली बघावं लागू नये म्हणून.

आणि सगळ्या शाळेला वाटायचं, हेमाच्या तोंडात तीळ भिजत नाही. मलाही वाटायचं.